क्ष = क्ष + १

गणिताच्या तासाला फळ्यावर ‘क्ष = क्ष + १’ असं समीकरण आलं, तर आठवीतला मुलगा दोन्ही बाजूंतून क्ष वजा करतो. उरतं ० = १. म्हणजे या समीकरणाला उकल नाही. बाई शाबासकी देतात. पुढचा तास संगणकाचा. तिथे पायथॉन ही संगणकभाषा शिकवतात. पडद्यावर तीच ओळ येते आणि तिथे ती बिनचूक असते. तिथे तिचा अर्थ असा: क्षची जुनी किंमत घे, त्यात एक मिळव आणि नवी किंमत पुन्हा क्षच्याच नावावर ठेव. लागोपाठच्या दोन तासांत एकाच चिन्हाचे दोन अर्थ मुलापुढे आले, आणि ते वेगळे आहेत हे त्याला कोणी सांगितलं नाही. गणिताच्या बाईंना संगणक कक्षात काय चालतं ते ठाऊक नसतं. संगणकाच्या सरांना गणिताचं पुस्तक उघडायची वेळ येत नाही.

आणि याच मुलाच्या आईवडिलांना सांगितलं जातं, त्याला कोडिंगला घाला, गणित आपोआप सुधारेल.

आपोआप सुधारत नाही. टाळेबंदीच्या काळात कोडिंगच्या वर्गांच्या जाहिरातींनी घरोघरचे मोबाइल भरून गेले होते. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम आणायचं ठरवलं. आता शाळाही आपल्या माहितीपत्रकात कोडिंगचा उल्लेख ठळक अक्षरांत करतात. या सगळ्या गडबडीत एक साधा प्रश्न कोणी विचारत नाही: मुलाने पडद्यावर मांजर नाचवलं, त्यातून त्याला बीजगणित कुठल्या वाटेने येणार आहे?

या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो माहीत नसताना धोरण आखणं हा निष्काळजीपणा आहे. १९६७ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये वॉली फोर्झाइग, सिमूर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांनी ‘लोगो’ ही संगणकभाषा तयार केली. ती मुलांसाठी होती, आणि मुलांना गणिताकडे नेण्यासाठी होती. आज्ञेनुसार रेषा काढत सरकणारं तिचं प्रसिद्ध कासव थोडं नंतर आलं. १९८० साली पॅपर्टचं ‘माइंडस्टॉर्म्स’ पुस्तक निघालं आणि शाळाशाळांतून लोगोची लाट उठली. चारच वर्षांनी, १९८४ मध्ये, न्यूयॉर्कच्या बँक स्ट्रीट कॉलेजमधल्या रॉय पी आणि मिडियन कर्लंड यांनी या लाटेची तपासणी केली. वर्षभर लोगो शिकलेल्या मुलांना त्यांनी वर्गातली कामं आखायला दिली: फळा पुसणं, झाडांना पाणी घालणं अशी कामं कमीत कमी वेळात कशी उरकतील याची आखणी. लोगो शिकलेली मुलं न शिकलेल्यांपेक्षा सरस ठरली नाहीत. प्रोग्रॅम लिहिण्यात जी आखणी लागते, ती संगणकापाशीच राहिली.

दुसरं उदाहरण अलीकडचं आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात ‘स्क्रॅच’ या मुलांच्या संगणकभाषेवर आधारलेला ‘स्क्रॅचमॅथ्स’ नावाचा अभ्यासक्रम तयार झाला. तो करणारी माणसं गणितशिक्षणातली मोठी होती, साहित्य उत्तम होतं. इंग्लंडमधल्या शंभराहून अधिक शाळांत त्याची रीतसर चाचणी झाली. २०१८ साली अहवाल आला. पहिल्या वर्षाच्या शेवटी मुलांचा संगणकीय विचार सुधारलेला दिसला. प्राथमिक शाळेच्या अखेरच्या गणिताच्या परीक्षेत मात्र फरक पडला नाही.

म्हणून पहिली गोष्ट स्पष्ट बोलू. ‘कोडिंग केलं की गणित येतं’ या दाव्याला अर्धशतकाच्या अनुभवाचा आधार नाही. जे विकतात त्यांना हे सांगायची गरज वाटत नाही. जे विकत घेतात, त्या पालकांनी आणि शाळांनी विचारायला हवं.

मग प्रोग्रॅमिंग आणि बीजगणित यांचा काहीच संबंध नाही का? आहे. खोल आहे. पण तो कुठे आहे ते नेमकं पाहावं लागतं.

एक छोटं वाक्य घ्या: ‘या विद्यापीठात प्राध्यापकांच्या सहापट विद्यार्थी आहेत.’ विद्यार्थ्यांसाठी ‘वि’, प्राध्यापकांसाठी ‘प्र’ घेऊन समीकरण लिहा. जॉन क्लेमंट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या सुमारास हा प्रश्न अमेरिकेतल्या अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाच्या दीडशे विद्यार्थ्यांना घातला. ३७ टक्के चुकले. चुकलेल्यांपैकी बहुतेकांनी लिहिलं होतं ६वि = प्र. म्हणजे नेमकं उलट. ही चूक घाईची नव्हती. वाक्यात ‘सहा’ आणि ‘विद्यार्थी’ जवळ आले, म्हणून समीकरणातही जवळ लिहिले गेले. ‘वि’ ही विद्यार्थ्यांची संख्या आहे, विद्यार्थी नावाच्या मंडळींचं ते लघुरूप नाही, हे त्यांच्या मनात कधी पक्कं झालंच नव्हतं. आणि ही मुलं कलनशास्त्रापर्यंत पोचलेली होती.

आता पुढचा भाग. १९८२ मध्ये एलियट सोलोवे यांनी क्लेमंट आणि जॅक लॉकहेड यांच्याबरोबर याच जातीचे प्रश्न दोन पद्धतींनी विचारले. काहींना समीकरण लिहायला सांगितलं, काहींना संगणकाचा प्रोग्रॅम लिहायला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांच्या चुका लक्षणीय कमी निघाल्या. कारण समजण्यासारखं आहे. समीकरण लिहिताना माणूस चित्र पाहिल्यासारखं वर्णन करतो: इकडे पुष्कळ विद्यार्थी, तिकडे थोडे प्राध्यापक. प्रोग्रॅम लिहिताना त्याला कृती सांगावी लागते: प्राध्यापकांची संख्या माझ्या हाती आली, तिचं मी काय करू म्हणजे विद्यार्थ्यांची संख्या मिळेल? सहाने गुणू. ‘सहापट’ हा शब्द कुणावर काम करतो, ते इथे लपून राहू शकत नाही.

प्रोग्रॅमिंग बीजगणिताला मदत करतं ते इथे. ते मुलाला वर्णनाकडून कृतीकडे आणतं, आणि अक्षराला संख्या म्हणून वागवायला लावतं. पण हे प्रत्येक प्रोग्रॅमिंगमध्ये होत नाही. म्हणूनच भाषा कोणती आणि शिकवायची रीत कोणती, हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे.

अमेरिकेत हा प्रश्न गांभीर्याने घेतला तो इमॅन्युएल शँझर या गणिताच्या शिक्षकाने. संगणकशास्त्र शिकलेला हा माणूस शाळेत बीजगणित शिकवू लागला, आणि २००६च्या आसपास त्याने ‘बूटस्ट्रॅप’ हा अभ्यासक्रम सुरू केला. सुरुवात शाळा सुटल्यानंतरच्या वर्गांतून झाली. पुढे श्रीराम कृष्णमूर्ती आणि कॅथी फिसलर हे संगणकशास्त्रज्ञ त्याला येऊन मिळाले. कृष्णमूर्ती हे ‘हाउ टू डिझाइन प्रोग्रॅम्स’ या २००१च्या पाठ्यपुस्तकाच्या चार लेखकांपैकी एक. प्रोग्रॅम पायरीपायरीने कसा रचायचा, याची जी शिस्त त्या पुस्तकाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लावली, तीच बूटस्ट्रॅपने सातवी-आठवी-नववीच्या वयाच्या मुलांपर्यंत आणली.

मुलांना काय करायचं असतं? स्वतःचा व्हिडिओ गेम. पडद्याची रुंदी ६४० ठिपके, उंची ४८०. एक खेळाडू, एक लक्ष्य, एक धोका. धोका आडवा सरकत येतो, खेळाडू वर-खाली होतो. आता प्रत्येक हालचालीमागे बीजगणित आहे. धोक्याचा क्ष-निर्देशक आत्ता अमुक आहे, तर पुढच्या क्षणी किती? क्ष − ५०. मुलाने चुकून क्ष + ५० लिहिलं, तर धोका उलट्या दिशेला पळतो. ऋण आणि धन चिन्हांचा फरक शिक्षकाच्या लाल शाईने दाखवायची गरज उरत नाही, पडदाच दाखवतो. धोका पडद्याबाहेर गेला हे यंत्राला कसं कळावं? चित्र अर्धंमुर्धं कडेला असतानाही दिसत राहायला हवं, म्हणून क्ष हा −५० पेक्षा मोठा आणि ६९० पेक्षा लहान हवा. ही झाली दोन असमता जोडून केलेली अट. आमच्याकडे ती पुस्तकात संख्यारेषेवर पोकळ वर्तुळं काढून उरकली जाते.

आणि टक्कर? खेळाडू आणि धोका किती जवळ आले म्हणजे खेळ संपला? दोन बिंदूंमधलं अंतर काढावं लागतं. क्ष-निर्देशकांतला फरक, य-निर्देशकांतला फरक, दोघांचे वर्ग, त्यांची बेरीज, तिचं वर्गमूळ. पायथागोरसचा सिद्धांत इथे गेम चालावा म्हणून लागतो. आमच्या दहावीच्या मुलांना अंतराचं सूत्र निर्देशक भूमितीत पाठ करायला मिळतं. दोन बिंदू दिलेले असतात, अंतर काढायचं असतं, आणि ते का काढायचं हे कुणी विचारलेलं नसतं.

पण गेम हे फक्त निमित्त आहे. बूटस्ट्रॅपचं खरं बळ शाब्दिक उदाहरणं सोडवायच्या त्यांच्या रीतीत आहे. ती रीत इथे नीट मांडतो, कारण ती संगणकाशिवायही उद्या सकाळी कुठल्याही वर्गात वापरता येते.

उदाहरण घेऊ. वाचनालयाची प्रवेश फी ३५० रुपये, दरमहा वर्गणी ८० रुपये. आमच्याकडे लगेच ‘समजा, महिने = म’ असं लिहून पुढे जायचं असतं. मुलं तिथेच अडकतात, कारण अक्षर कुठून आलं, हेच त्यांना कळलेलं नसतं. बूटस्ट्रॅपची रीत वेगळी आहे. आधी करार लिहायचा: फंक्शनचं नाव ‘खर्च’, त्याला एक संख्या द्यायची (महिने), ते एक संख्या परत देईल (रुपये). मग एका वाक्यात हेतू लिहायचा. मग दोन उदाहरणं लिहायची, आणि त्यात उत्तर लिहायचं नाही, कृती लिहायची:

खर्च(३) = ३५० + ८० × ३
खर्च(१०) = ३५० + ८० × १०

आता दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून पाहायचं: काय बदललं? ३ आणि १०. त्यांना गोल करायचा. काय बदललं नाही? ३५० आणि ८०. बदलणाऱ्या जागेला नाव द्यायचं, महिने. मग शेवटची ओळ:

खर्च(महिने) = ३५० + ८० × महिने

अक्षर मुलाच्या अंगावर आकाशातून पडलं नाही. त्याने दोन ओळींतला फरक पाहिला आणि त्या फरकाला स्वतः नाव दिलं. चल म्हणजे काय, ३५० हा स्थिरांक का, ८० हा सहगुणक का, हे सगळं तीन ओळींत उभं राहिलं. उदाहरणांत ५९० आणि ११५० अशी उत्तरं लिहिली असती, तर हा फरक दिसलाच नसता. उत्तर आलं की रचना झाकली जाते. आमच्या वर्गांत उत्तराची जी घाई असते, तिने बीजगणिताचं किती नुकसान केलं आहे, ते या एका उदाहरणात दिसतं.

यानंतर संगणक येतो. मुलाने लिहिलेली दोन उदाहरणं हीच चाचणी ठरते. सूत्र चुकलं, तर यंत्र सांगतं की तुझ्याच अमुक उदाहरणाशी तुझं सूत्र जुळत नाही. यंत्र रागावत नाही आणि पुढचा धडा घ्यायचा आहे म्हणून घाई करत नाही. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात प्रत्येक मुलाची प्रत्येक ओळ तपासणं कुठल्याही शिक्षकाला शक्य नाही. यंत्राला शक्य आहे. तेवढ्यासाठी ते वर्गात हवं.

दुसरी युक्ती पदावलीची. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या ‘कंचेभागुबेव’ पाठ करत आल्या: कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी. हा शब्द अक्षरशः पाळणाऱ्या मुलाला १० − ३ + २ द्या. बेरीज आधी म्हणून तो ३ + २ = ५ करतो आणि १० − ५ = ५ लिहितो. खरं उत्तर ९. बेरीज आणि वजाबाकी एकाच पातळीवर असतात आणि डावीकडून उजवीकडे करायच्या असतात, हे पाठांतरात कुठेच नाही. बूटस्ट्रॅपमध्ये मुलं प्रत्येक क्रियेचं वर्तुळ काढतात. वर्तुळाच्या डोक्यावर क्रियेचं चिन्ह, पोटात दोन संख्या. या पदावलीचं बाहेरचं वर्तुळ बेरजेचं. त्याच्या पोटात डावीकडे वजाबाकीचं छोटं वर्तुळ, १० आणि ३ घेतलेलं, आणि उजवीकडे २. आधी आतलं वर्तुळ सोडवायचं, मग बाहेरचं. कागद-पेन्सिलीवर होणारी ही गोष्ट पदावलीची रचना डोळ्यांना दाखवते. रचना दिसली की क्रम पाठ करावा लागत नाही.

आता भाषेकडे येऊ, कारण सगळा खेळ तिथेच जिंकला किंवा हरला जातो. बूटस्ट्रॅपने पायथॉन घेतलं नाही, स्क्रॅचही घेतलं नाही. त्यांनी रॅकेट घेतली, नंतर पायरेट. रॅकेटचं मूळ जॉन मॅकार्थी यांच्या १९५८च्या लिस्पपर्यंत जातं, आणि लिस्पचं मूळ गणितातल्या फंक्शनच्या कल्पनेत आहे. मुलं या भाषांचा जो भाग शिकतात, त्यात चल एकदा ठरला की ठरला, त्याची किंमत पाठीमागून बदलत नाही. फंक्शनला तीच संख्या दिली की तेच उत्तर येतं, आज, उद्या, शंभराव्या वेळीही. गणितातल्या फंक्शनची व्याख्या हीच आहे. पायथॉनमधलं फंक्शन पडद्यावर काहीतरी छापून गप्प बसू शकतं, किंवा घड्याळ पाहून दर वेळी वेगळं उत्तर देऊ शकतं. स्क्रॅचमध्ये मुलाने स्वतः बनवलेला ठोकळा उत्तर परत देतच नाही, फक्त काम करतो. व्यवसायातल्या प्रोग्रॅमरला याचं काही वाटणार नाही. बीजगणित शिकणाऱ्या मुलाला मात्र गणिताच्या तासाला कळलेलं संगणकाच्या तासाला मोडलेलं दिसतं.

बरोबरच्या चिन्हाचं तर आधीच वाटोळं झालेलं असतं. ८ + ४ = □ + ५ असं प्राथमिकच्या मुलांना द्या. पुष्कळ मुलं चौकटीत १२ भरतात. त्यांच्या लेखी ‘=’ म्हणजे ‘आता उत्तर लिही’. दोन्ही बाजू समान आहेत, हा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचलेला नसतो. त्या कच्च्या पायावर ‘क्ष = क्ष + १’ ठेवलं की मुलाच्या मनात गणिताचं चिन्ह म्हणजे सर सांगतील ते, एवढंच उरतं. जे शिक्षण अर्थ मोडतं, त्याला आधुनिक म्हणून आरती ओवाळायची काही गरज नाही.

या रीतीचा उपयोग होतो याचा पुरावा आहे का? शँझर, फिसलर आणि कृष्णमूर्ती यांनी २०१५ साली संगणकशिक्षणाच्या परिषदेत आपलं काम मांडलं. मुलांना कागदावर, संगणकाशिवाय, बीजगणिताची शाब्दिक उदाहरणं दिली होती. बूटस्ट्रॅप शिकलेल्यांची सुधारणा कागदावर दिसली. हा अभ्यास लहान होता आणि अभ्यासक्रम करणाऱ्यांनीच केलेला होता, म्हणून तो शेवटचा शब्द मानू नये. पण लोगो आणि स्क्रॅचच्या चाचण्यांत जे घडलं नाही, ते इथे दिसतं, आणि का दिसतं याचं कारणही सांगता येतं: इथे संगणकावर करायची गोष्ट आणि कागदावर करायची गोष्ट एकच आहे. पायऱ्या त्याच, चिन्हांचे अर्थ तेच. मुलाला एका खोलीतून दुसऱ्या खोलीत काही वाहून न्यावं लागत नाही.

मर्यादाही सांगून टाकतो, कारण त्या लपवणाऱ्यांमुळेच या कल्पनेचं नाव खराब झालं. संगणक अवयव पाडायला शिकवणार नाही. वर्गसमीकरण पूर्ण वर्ग करून सोडवायचा सराव कागदावरच होणार. आणि प्रोग्रॅम पुढच्या दिशेने चालतो: महिने दिले, खर्च आला. बीजगणिताची खरी ताकद उलट प्रश्नात आहे: खर्च ११५० झाला, तर महिने किती? पण इथेही प्रोग्रॅम उपयोगी पडतो. मुलगा आधी अंदाजाने संख्या घालून पाहतो. ५ घातले, ७५० आले. ८ घातले, ९९० आले. १० घातले, ११५० मिळाले. मग बाई विचारतात, खर्च ८,५९० असेल तर? अंदाज घालून कंटाळा येतो. तेव्हा ३५० वजा कर, ८० ने भाग, हा उलटा प्रवास मुलाला हवासा वाटतो. १०३ महिने. समीकरण सोडवायची गरज त्याला आतून वाटली. ही गरज न जागवता आम्ही थेट ‘पद बाजू बदलताना चिन्ह बदलतं’ असा मंत्र देतो, आणि दहावीपर्यंत तोच मंत्र जपला जातो.

आता आपल्या शाळांचं. पहिला आक्षेप ठरलेला असतो: संगणक कुठे आहेत? वर मांडलेल्या दोन्ही युक्त्यांना, उदाहरणांच्या पायऱ्यांना आणि क्रियांच्या वर्तुळांना, संगणक लागत नाही. एसीएम इंडिया ही संगणकशास्त्रज्ञांची संस्था २०१६ पासून ‘सीएस पाठशाला’ उपक्रमातून शाळांत संगणकीय विचार नेते आहे, आणि त्यातलं पुष्कळसं काम कागदावरच्या कृतींतून चालतं. वर्गात एकच संगणक आणि प्रक्षेपक असला, तरी सगळ्या वर्गाने आधी वहीत भाकीत लिहायचं आणि मग एका मुलाने कळ दाबायची. दर आठवड्याला इतकं झालं तरी पुरे.

दुसरा आक्षेप: आमच्या गणिताच्या शिक्षकांना प्रोग्रॅमिंग येत नाही. त्यांना स्प्रेडशीट येतं. एमएस-सीआयटीच्या निमित्ताने महाराष्ट्रातल्या असंख्य शिक्षकांनी एक्सेल हाताळलेलं आहे, निकालपत्रकं त्यावरच होतात. आणि स्प्रेडशीटचं सूत्र बीजगणिताशी इमानदार असतं. ‘ए१’ घरात महिने, ‘बी१’ घरात ३५० + ८० × ए१. ए१ बदला, बी१ बदलतं. ए१ याच घरात ‘ए१ + १’ हे सूत्र लिहून पाहा. स्प्रेडशीट ते मान्य करत नाही, चक्राकार संदर्भ म्हणून तक्रार करतं. लिब्रऑफिसमध्ये ‘एरर ५२२’ येतो. पायथॉन जे पचवतं, ते इथे नाकारलं जातं, गणिताच्या तासाला नाकारलं जातं तसंच. रोझमंड सदरलंड आणि तेरेसा रोहानो यांनी इंग्लंड आणि मेक्सिकोतल्या मुलांना स्प्रेडशीटवरून बीजगणिताकडे नेण्याचं काम करून १९९३ मध्येच ते प्रसिद्ध केलं होतं. लिब्रऑफिस फुकट मिळतं. शाळेला नवा करार करायला नको, नवी फी घ्यायला नको.

तिसरा आक्षेप इंग्रजीचा. तो खरा आहे, पण वाटतो तेवढा मोठा नाही. रॅकेटमध्ये फंक्शनला आणि चलाला देवनागरी नावं देता येतात. ‘खर्च’ आणि ‘महिने’ लिहून प्रोग्रॅम चालतो. भाषेचे मोजके इंग्रजी शब्द मुलं आठवड्याभरात शिकतात. कुणाला तरी मराठीतून कार्यपुस्तिका लिहायची इच्छा मात्र हवी.

चौथा आक्षेप सर्वांत जुना: परीक्षा. दहावीच्या बीजगणिताच्या ४० गुणांच्या पेपरात शाब्दिक उदाहरणं असतातच, आणि पुष्कळ मुलं ती सोडून देतात, कारण ‘समजा क्ष’ नंतर काय लिहायचं हे त्यांना कळत नाही. वरची रीत नेमकी तिथेच धरते. वडील-मुलाची वयं असोत की नावेचा प्रवाहाबरोबरचा आणि प्रवाहाविरुद्धचा वेग असो, आधी दोन साध्या संख्या घेऊन कृती लिहायची, बदलणाऱ्या जागा शोधायच्या, त्यांना नावं द्यायची. परीक्षेची भीती असेल तर ही रीत परीक्षेसाठीच आणा. मला चालेल.

फंक्शनची ओळख आम्ही अकरावीपर्यंत लांबवतो. नववीत बहुपदी शिकवताना ‘पी ऑफ एक्स’ लिहितो, पण त्या कंसात संख्या गेली की बाहेर संख्या येते, हे यंत्र आहे, असं मुलाला कोणी दाखवत नाही. अकरावीत मग क्षेत्र, सहक्षेत्र, व्याप्ती यांच्या व्याख्या एकदम अंगावर येतात. सातवीतलं मूल ‘खर्च’ नावाचं फंक्शन लिहू शकतं, त्याला काय द्यायचं आणि त्यातून काय येतं हे सांगू शकतं. चार वर्षं वाट पाहायचं काहीही कारण नाही.

म्हणून मागणी सरळ आहे. कोडिंगचा वेगळा विषय करून तो वेगळ्या खोलीत, वेगळ्या माणसाच्या हाती देऊ नका. तो गणिताच्या तासात आणा, गणिताच्या शिक्षकांच्या हाती द्या, आणि त्यासाठी त्यांना सुट्टीतल्या घाईच्या शिबिराऐवजी वर्षभर साथ देणारं प्रशिक्षण द्या. भाषा निवडताना एकच कसोटी लावा: गणिताच्या तासाला जे खोटं आहे, ते इथे खरं ठरतं का? ठरत असेल, तर आठवीच्या वर्गासाठी ती भाषा नको. महाविद्यालयात पायथॉन खुशाल शिकू द्या.

आणि पालकहो, कोडिंगच्या वर्गाची फी भरण्याआधी शिकवणाऱ्याला एवढंच विचारा: माझ्या मुलाने इथे लिहिलेलं फंक्शन त्याच्या गणिताच्या वहीत जसंच्या तसं उतरवता येईल का? उत्तर ‘हो’ असेल तर एका तासात ते करून दाखवायला सांगा. उत्तर ‘हो’ नसेल तर मुलाला गेम बनवायला जरूर पाठवा, त्यात वाईट काही नाही, पण त्याला गणित म्हणू नका आणि गणिताच्या नावाने पैसे देऊ नका. घरच्या संगणकावरचं रिकामं स्प्रेडशीट उघडा, मुलाला शेजारी बसवा, आणि वीजबिलाचं सूत्र त्याच्याकडून लिहून घ्या. बीजगणिताची सुरुवात तिथून होते.